धनपाल आण्णांची क्रीज

आमच्या दुकानात इंग्रजी एकट्या धनपाल आण्णांना येत असे, आणि त्यांनाही एकच शब्द येत असे. तो शब्द म्हणजे ‘क्रीज’.

तरुणपणी ते बेळगावात कॅम्पातल्या एका शिंप्याकडे कामाला होते. तिथे गोरे साहेब विजारी शिवून घ्यायला येत. नवी विजार चढवून साहेब आरशासमोर उभा राही, मांडीपासून पावलापर्यंत घडीच्या रेघेवरून बोट ओढी आणि काहीतरी बडबडे. त्या बडबडीतलं बाकी सगळं आण्णांच्या डोक्यावरून गेलं, पण बोटाबरोबर येणारा तो एक शब्द मात्र पक्का बसला. कॅम्पातून गावी परतताना लोक बिस्किटांचे रिकामे डबे आणत, जुने बूट आणत. आण्णांनी हा शब्द आणला आणि निपाणीच्या कापडबाजारात तो उभा जन्म वापरला.

आता मराठीत काय शब्दांची टंचाई आहे? कापडाला घडी असते, चुणी असते, लुगड्याला निऱ्या, कपाळाला आठी, म्हाताऱ्या गालाला सुरकुती. आण्णा जैन, शेतकऱ्याच्या घरातले, घरात निम्मं बोलणं कन्नड. तिथे घडीला मडिके आहे, निरीला नेरिगे आहे, सुरकुतीला सुक्कू आहे. दोन भाषांची कपाटं घरात भरलेली असताना हा माणूस सगळ्याला क्रीज म्हणे. लुगड्याच्या घडीला क्रीज, धोतराच्या चुणीला क्रीज, मालकांच्या कपाळावरच्या आठीला क्रीज. तंबाखूच्या पानाच्या शिरांना क्रीज. तळ्यावर वारा सुटला की म्हणायचे, “काय क्रीज पडलीया बघ पाण्याला!” मी एकदा चिडून म्हणालो, “आण्णा, अहो लाट म्हणा की.” तर म्हणाले, “लाट समुद्राला असतीया. ही क्रीज.”

मी गुंजीचा. आमच्या गावाला रेल्वेचं स्टेशन आहे, भाताची खाचरं आहेत आणि पाऊस तर विचारूच नका. त्या चिखलात माझं मन रमेना, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने निपाणीला या कापडदुकानात लागलो. मोटारीतून उतरल्याबरोबर आधी सडकून शिंका आल्या. निपाणीच्या हवेतच तंबाखू. पहिल्या दिवशी मालकांनी मला आण्णांच्या हवाली केलं. मी ऐटीत इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, मिशीला पीळ दिला होता. समोर बघतो तर हा माणूस! डोक्यावर चेपलेली टोपी, अंगात कोट असा की रात्री उशाला घेऊन झोपले असावेत, धोतराच्या सोग्याची दोरी झालेली. चेहऱ्यावर तर जागा नव्हती, इतक्या सुरकुत्या. आणि हा माणूस मला लुगड्याची घडी घालायला शिकवणार!

“नाव?” मी नाव सांगितलं. “गाव?” गाव सांगितलं. “बरं, गुंजीकर. कपाळाची क्रीज काढून टाका आधी. गिऱ्हाईक बिचकतंय.”

त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी गुंजीकर झालो.

स्वतःच्या कपड्यांचा हा चोळामोळा आणि दुकानातल्या कापडाची ही काळजी, हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्यांच्या घरच्या, पद्माक्का, फार बोलक्या. त्या दुकानावरून जाताना हटकून टोमणा मारीत. “जगाची क्रीज बघत्यात, आन् सोताचा कोट बघा. बोचक्यातनं काढल्यागत!” आण्णा हसत. त्यांना राग येत नसे, ही एक मोठीच अडचण होती. मला उठता-बसता राग येतो, त्यामुळे अशा माणसाबरोबर काम करणं मला फार जड गेलं.

कापड मात्र त्यांच्या हातात आलं की शहाण्या मुलासारखं वागे. लुगडं फडकन उलगडत, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पदर पसरत, आणि ‘नको’ म्हणताच बोलता बोलता मूळच्या रेघांवर पुन्हा मिटवत. घडी घालून झाली की उजव्या हाताच्या करंगळीची पाठ कडेवरून एकदा फिरवायची, ही त्यांची सवय. बाजाराच्या दिवशी पायाशी लुगड्यांचा डोंगर होई. आम्ही बाकीचे घाम पुसत भराभर कोंबत असू, आण्णा एकेकावरून करंगळी फिरवीत बसत. मालक ओरडत, “आण्णा, सावकाश, उद्या सकाळपर्यंत उरकलं तरी चालंल!” आण्णा खरंच सावकाश करीत.

मालक मोठे थोराड गृहस्थ. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि दोन्हीकडे तपकीर. गादीवर बसल्या बसल्या सारखी तपकिरीची डबी उघडत. जिभेने तापट, पण दुकान मात्र त्यांनी सरळ चालवलं. त्या सरळपणाचा अर्धा भार आण्णांवर होता. कसा, ते सांगतो.

आमच्याकडे पसंतीला लुगडी न्यायची पद्धत होती. घरात लग्न निघालं की बायका दुकानात येऊन दोन-चार लुगडी बांधून घरी नेत. सासवा, नणंदा, शेजारणी, सगळ्यांनी मिळून बघायचं, हवं ते ठेवायचं, नको ती परत आणायची. पैसे मग. अट एकच, घडी मोडायची नाही. नेसून बघितलं की लुगडं विकत गेलं. आता घरात नवं लुगडं आलं आणि बायकांनी ते नेसून बघितलं नाही, असं कुठे होतं का? काही जणी गुपचूप नेसत, हळदीकुंकवाला मिरवून येत आणि जशीच्या तशी घडी घालून परत आणीत. तेव्हा मालक गादीवरून हाक देत, “आण्णा, क्रीज मोडली काय?” आण्णांची करंगळी फिरे. आण्णा एकच शब्द बोलत, ‘व्हय’ किंवा ‘न्हाय’. त्यानंतर कुणी काही बोलत नसे, मालक नाही आणि गिऱ्हाईकही नाही. सगळ्या निपाणीला ठाऊक होतं की आण्णा खोटं बोलत नाहीत. धर्मानं म्हणा, स्वभावानं म्हणा. ते स्वतः याबद्दल काही बोलत नसत. मी एकदा विचारलं, “तुम्हाला कळतं कसं?” तर म्हणाले, “पैल्या क्रीजशेजारी दुसरी पडतीया. हातभर लांब न्हाय, केसभर. माणूस लपवंल, पर कापूड कुठलं लपवायला?”

एकदा मामलेदारांच्या घरून शिपायाबरोबर लुगडं परत आलं. किंमत भारी, आणि मामलेदार म्हणजे काय हे त्या काळच्या माणसाला सांगायला नको. शिपाई दारात छाती काढून उभा. मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला खरा, पण आवाज खाली घेऊन. त्यात अशी विनवणी होती की मलाही ऐकू आली. आण्णांनी करंगळी फिरवली. “व्हय. मोडलीया.” शिपायाने डोळे वटारले. मालकांनी कपाळाला हात लावला. “बघ की रं पुन्यांदा नीट,” मालक म्हणाले. आण्णांनी पुन्हा बघितलं, अगदी मनापासून. “दोनदा मोडलीया,” ते म्हणाले.

मालक त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. मामलेदार आता दुकानाला टाळं ठोकतील असं आम्हाला वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी पैसे आले, आणि त्या बाईसाहेब पुढे आमच्याच दुकानातून कापड नेत राहिल्या. येत तेव्हा थेट आण्णांसमोर बसत. दुसऱ्या कुणाकडून काही बघायच्या नाहीत.

माझं लग्न गुंजीला झालं. आण्णांना बोलावलं, ते आले. बेळगावहून आगगाडीने आले, आणि स्टेशनात उतरल्यावर पुढे हलेचनात. समोर डोंगराच्या उतारावर आमची खाचरं, एकाखाली एक, बांध घातलेली. त्यांच्या मुलखात काळं सपाट रान, असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. हमालाच्या डोक्यावर वळकटी, आणि हे उभे. “गुंजीकर, ह्या डोंगराला क्रीज कुणी घातली रं?” मी म्हणालो, “माझ्या आजाने.” तर त्यांनी माझ्या आजोबांना शोधून काढून मांडवात वाकून नमस्कार केला. आजोबांना ऐकू कमी येई. त्यांना वाटलं मुलीकडचं कुणी आहे. त्यांनी मानपानावरून दोन शब्द सुनावले.

खरी गंमत पुढे झाली. मी पाटावर उभा, मध्ये अंतरपाट, पलीकडे बायको, मंगलाष्टकं सुरू झालेली. अंतरपाट पेटीतून काढून तसाच धरलेला. त्याच्यावर आडव्या-उभ्या चुण्या. सगळे अक्षता हातात घेऊन उभे असताना एकाएकी आण्णा गर्दीतून पुढे आले, “भटजी, जरा थांबा वो, क्रीज हाय,” म्हणाले, आणि अंतरपाटाची खालची कड धरून ती सरळ करायला लागले. भटजींचं अष्टक घशातच राहिलं. आण्णांनी कड ओढली तसा धरणाऱ्याचा हात सुटला, अंतरपाट एका बाजूने खाली आला, आणि माझ्या बायकोने लाजत वर बघितलं तर तिला नवऱ्याच्या आधी धनपाल आण्णांचा चेहरा दिसला. ती अजून सांगते, “मला वाटलं हाच नवरा. म्हटलं, क्रीज जरा जास्तच दिसत्यात.”

म्हणजे हा शब्द आमच्या घरातही घुसला. दुकानात तर आम्ही सगळे, मालकांसकट, तोच बोलायला लागलो होतो. घडी हा शब्द फक्त नव्या गिऱ्हाइकांच्या तोंडी ऐकू यायचा.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

चंद्राक्का म्हणून एक बाई होती. तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. नवरा नव्हता, घरात म्हातारी सासू आणि एक मुलगी. मुलीचं लग्न ठरलं. चंद्राक्काने आमच्याकडून दोन लुगडी पसंतीला नेली, एक साधं सुती, आणि एक हिरवं इरकली, लाल पदराचं, चांगलं उंची. इरकली तिला परवडणारं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी ते बांधून द्यायला जरा कुरकुरलोच. आण्णा म्हणाले, “दे रं. बघितल्यानं झिजतंय व्हय कापूड? पोरीला अंगाला लावून तर बघू दे.”

दोन दिवसांनी तिसऱ्या प्रहरी ती परत आली. दुकानात एक-दोन गिऱ्हाइकं होती, मालक गादीवर होते. तिने इरकली आण्णांसमोर ठेवलं आणि म्हणाली, “हे नको. सुती ठेवून घेतलंय.” बोलताना तिचं लक्ष लुगड्याकडे नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. फळीवरच्या गठ्ठ्यांकडे बघत होती.

मी आण्णांच्या शेजारीच होतो. मला करंगळीची गरज लागली नाही. घडी तिरकी होती, एका निरीची रेघ पदरावरून सरळ आडवी गेली होती, आणि सगळ्याला तंबाखूचा वास मारत होता. आण्णांनी तरी आपल्या पद्धतीने कडेवरून करंगळी नेली. मग खाली वाकून हळूच विचारलं, “कोण न्हेसलतं, आक्का?”

 तीही हळूच बोलली, पण मला ऐकू आलं. सासूला ती आत्ती म्हणे. “आत्ती न्हेसलती वो. मी वखारीत गेलतो. तिला दिसत न्हाय धड. तिला वाटलं, घेतलेलंच हाय. नातीच्या लग्नाचं लुगडं, म्हणून घडी मोडून द्यावी, असं मनात आलं तिच्या. मी घरात येतोय तर ही देवापुढं बसलीया न्हेसून, पोरीला जवळ घेऊन. डोळं भरून आलतं तिचं. आता तिला मी काय बोलू, आण्णा?”

आमच्याकडे नव्या वस्त्राची घडी कुणी मोडायची, याला महत्त्व असतं. ज्या माणसाची माया आहे, ज्याचा पायगुण, हातगुण चांगला आहे, त्याला आधी नेसायला देतात. त्या म्हातारीने आपल्याजवळ जे द्यायला होतं ते दिलं होतं. फक्त लुगडं दुकानाचं होतं. पसंतीला नेणारी बाई मोठ्या घरातली असती तर तिने ते उंच फळीवर ठेवलं असतं. या बायकांच्या घरात उंच फळी कुठली असणार? आलेलं लुगडं देवापुढे ठेवलं होतं.

तेवढ्यात गादीवरून हाक आली. “आण्णा, क्रीज मोडली काय?”

‘व्हय’ म्हटलं की लुगडं चंद्राक्काच्या गळ्यात पडणार, आणि तिच्या वर्षभराच्या मजुरीतून फिटता फिटणार नाही. ‘न्हाय’ म्हटलं की खोटं. आण्णांनी उत्तर द्यायला इतका वेळ कधीच घेतला नव्हता. तो माणूस घामाने भिजलेला मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला. चंद्राक्का पदराचं टोक बोटांत गुंडाळत उभी होती. मला वाटत होतं आपणच ओरडावं, नाही मोडली! पण माझ्या ‘नाही’ला कोण विचारतो?

“न्हाय,” आण्णा म्हणाले.

मालकांनी “बरं,” म्हटलं आणि डबी उघडली. चंद्राक्का सुती लुगड्याचे पैसे देऊन गेली. दारातून तिने एकदा वळून बघितलं, पण आण्णांनी मान वर केली नाही. ते त्या इरकलीची घडी घालत होते. कितीतरी वेळ घालत होते.

त्यानंतर आण्णांची जी तारांबळ उडाली ती बघून मला हसू येई आणि जीवही कळवळे. कारण खोटं बोलून सुटका होत नाही, लुगडं दुकानातच राहतं. नेसलेलं लुगडं कोरं म्हणून विकायचं, हे दुसरं पाप. ते लुगडं त्यांनी गठ्ठ्याच्या अगदी तळाला घातलं. कुणी इरकली मागितलं की ते त्या गठ्ठ्यातली वरची सगळी दाखवत, मग दुसऱ्या फळीवरची, मग माडीवरची आणायला मला पिटाळत. गिऱ्हाइकाचा हात तळाकडे गेला की आण्णा मध्येच विचारत, “लगीन कुणाचं म्हणालासा?” मी म्हणालो, “आण्णा, ‘रंग जातो’ म्हणून सांगा आणि मोकळे व्हा.” ते म्हणाले, “रंग जात न्हाय त्याचा.” म्हणजे एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं जमत नव्हतं.

घरी त्यांनी पद्माक्कांना सगळं सांगितलं असावं. त्या आता दुकानावरून जाताना टोमणे मारीत नसत. नुसत्या आत डोकावून बघत.

आणि मग बेळगावाजवळच्या अनगोळचा एक शेतकरी आला. पाहुण्यांकडे आला होता, बायको बरोबर, जाताना तिला लुगडं घ्यायचं म्हणाला. साधा माणूस. आण्णांनी नेहमीप्रमाणे वरची सगळी दाखवली. बाईला एकही पसंत पडेना. नवऱ्याने वाकून गठ्ठ्याच्या तळाकडे बोट केलं. “ते हिरवं काढा की वो. मघापासनं ती तेच बघायला लागलीया.”

आण्णांनी “लगीन कुणाचं—” म्हणून सुरुवात केली. पण गादीवरून मालक म्हणाले, “आण्णा, दे की ते. चांगलं हाय.”

आण्णांनी लुगडं ओढून काढलं. ते समोर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. बाई खुशीत पुढे सरकली. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे देता येत न्हाय. ह्याची क्रीज मोडलीया.”

 मी मालकांकडे बघायचं टाळलं. अनगोळच्या माणसाला काही कळलं नाही. तो म्हणाला, “मग दुसरं दावा की. तसं सांगायचं आधी.” त्याने दुसरं घेतलं, पैसे दिले, राम राम करून गेला. 

मालक गादीवरून उतरले. एरवी ते दुकान बंद होईपर्यंत उतरत नसत. आण्णा उभे राहिले. मला वाटलं, झालं, आज या माणसाची इतक्या वर्षांची नोकरी जाते.

“मालक,” आण्णा म्हणाले, “लुगड्याचं पैसं माझ्या पगारातनं घ्या. आन् एक सांगतो. उद्यापासनं मला इचारू नका. गुंजीकराला इचारा. माझा शब्द आता कोरा ऱ्हायला न्हाय.”

 मला वाईट वाटलं, आणि रागही आला, नेमका कुणाचा ते कळेना.

मालक लुगड्याजवळ बसले. हातात घेऊन त्यांनी ते नाकाला लावलं. “आण्णा, मी आज कित्ती वर्सं तपकीर ओढतोय. ह्या नाकाला दुसरा वास म्हणून येत न्हाय. तरी त्या दिवशी वखारीचा वास मला गादीवर आलता.”

आण्णा म्हणाले, “मग इचारलंसा कशाला?”

“न इचारून कसं चालंल? दुकानात चार माणसं बसलेली. तू व्हय म्हणाला असतास तर त्या बाईकडनं पैसं घ्यायला लागलं असतं मला. तू न्हाय म्हणालास, माझी सुटका झाली. तू आडकलास.”

“पर मी खोटं बोललो, मालक.”

“बोललास की. आन् आज खरं बोललास, ते बी गिऱ्हाईक घालवून.” मालकांनी लुगडं खाली ठेवलं. “आण्णा, जलम गेला तुझा कापडात. घडी मोडली म्हणून लुगडं कोण टाकून देतंय व्हय? उलट मग न्हेसायला काढत्यात.”

मग ते उठले, पसंतीवरून परत आलेली दोन लुगडी कोपऱ्यात पडली होती ती त्यांनी स्वतः उचलून आणली आणि आण्णांसमोर टाकली. पुन्हा गादीवर जाऊन बसले, डबी उघडली, आणि रोजच्या आवाजात हाक दिली.

“आण्णा, क्रीज मोडली काय?”

आण्णा खाली बसले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. मग पहिल्या लुगड्यावरून करंगळी फिरवली. “न्हाय,” ते म्हणाले. दुसऱ्यावर करंगळी ठेवून ते थांबले. ते लुगडं मालकांच्या सख्ख्या मेव्हणीकडून आलं होतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

“ह्याची मोडलीया,” आण्णा म्हणाले.

“आता मरा!” मालक म्हणाले, आणि इतके जोराने हसले की तपकीर सगळ्या गादीवर उडाली.

हिरवं इरकली आण्णांनी घरी नेलं. मालकांनी पैसे अर्धेच लावले, त्यावरून दोघांचं पुन्हा भांडण झालं, ते जाऊ दे. पद्माक्का ते लुगडं नेसून बस्तीला, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊ लागल्या. कुणी कौतुक केलं की सांगत, “आमच्या घरात कोण वडील माणूस न्हाय बगा. ह्याची घडी एका आज्जीनं मोडून दिलीया.” आज्जी कोण, ते सांगत नसत. तिकडे त्या म्हातारीने सुती लुगड्याचीही घडी मोडून दिली होती, हे मला चंद्राक्काकडूनच कळलं. म्हातारीचा हात आखडता नव्हता.

मी पुढे निपाणी सोडली. लढाई लागली, कापडावर कंट्रोल आलं, दुकानात विकायला काही राहिना. मी खानापुरात स्वतःचं बारकंसं दुकान टाकायच्या खटपटीला लागलो. निघायच्या दिवशी वळकटी बाहेर ठेवून आण्णांचा निरोप घ्यायला आत गेलो. फळ्या निम्म्या रिकाम्या, तरी हे गृहस्थ असलेल्या लुगड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत बसलेले.   ते म्हणाले, “मोटारीत वळकटी नीट ठेव. क्रीज पडंल.” मला रडू आलं. हे लिहिताना लाज वाटत नाही.

तेवढ्यात चंद्राक्काची मुलगी आली. पहिलटकरीण माहेरी आली होती, खांद्याशी पोर, जेमतेम मान धरायला लागलेलं. बाळाला झबल्याचं कापड हवं होतं. मागे आणखी एक गिऱ्हाईक रेशनचं कार्ड हातात घेऊन उभं होतं. आण्णांनी कापडाआधी पोराकडे बघितलं. गुटगुटीत पोर, मनगटाला वळ्या, मांडीला वळ्या. “आगं, ह्याला तर जलमल्या जलमल्या क्रीज!” ते म्हणाले, आणि त्यांनी सवयीने पोराच्या मनगटावरून करंगळी फिरवली. पोराने ती मुठीत घट्ट धरली.

“सोड रं, सोड त्यांना,” मुलगी म्हणाली.

“ऱ्हाऊ दे,” आण्णा म्हणाले.

बाहेर मोटारीने भोंगा वाजवला. मी पायऱ्या उतरून मागे पाहिलं, तेव्हा आण्णा डाव्या हाताने झबल्याचं कापड उलगडत होते, आणि कार्डवालं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.